चार पांढरे दगड

प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली की कॉलेजच्या व्हरांड्यात काही गमतीदार वाक्यं कानावर पडू लागतात. 'कोपरा फुटलेला तो बराइट.' 'शाईचा डाग आहे ना, तो जिप्सम.' 'नंबर अर्धा पुसलाय तो मॅग्नेटाइट, विसरू नको.' ऐकणाऱ्याला वाटावं, ही मुलं दगडांची नव्हे, गल्लीतल्या माणसांची ओळख करून देताहेत. आमच्याकडे भूगोल आणि भूगर्भशास्त्र या दोन्ही विभागांना मिळून एकच प्रयोगशाळा आहे. मी एम.ए. झाले भूगोलात, पण खडक-खनिजांच्या पेट्या दोन्ही वर्गांची मुलं हाताळतात, त्यामुळे ही सगळी मंडळी माझ्या नजरेखालून जातात. पेट्या वर्षानुवर्षं त्याच. त्यामुळे फुटलेले कोपरे आणि शाईचे डाग यांचं ज्ञान वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे अगदी वडिलोपार्जित इस्टेटीसारखं उतरत आलेलं आहे.

आणि वाचकहो, या ज्ञानावर मार्कही पडतात! नमुना क्रमांक सात म्हणजे बराइट, हे उत्तर बरोबरच असतं. प्रश्न एवढाच, की त्याच मुलाच्या हातात पेटीबाहेरचा बराइट दिला तर तो काय म्हणेल? बहुतेक वेळा तो दगड उलटसुलट करून कोपरा शोधतो.

यात सगळा दोष मुलांचा नाही. खनिजं शिकवण्याची आपली रीत पाहा. जर्नलमध्ये एक तक्ता असतो. खनिजाचं नाव, रंग, चमक, कस, पाटन, कठिनता, विशिष्ट गुरुत्व आणि शेवटच्या रकान्यात रासायनिक संघटन. चाळीस खनिजं धरली आणि आठ रकाने धरले तर तीनशे वीस गोष्टी झाल्या. त्या पाठ करायच्या. पाढे तरी एका चालीत पाठ होतात, बेला बे मिळवत गेलं की पुढचा आकडा सापडतो. इथे एका ओळीचा दुसऱ्या ओळीशी संबंध काय, हे कुणी सांगतच नाही. मग मुलं शाईच्या डागाचा आधार घेतात. बुडणाऱ्याला काडीचा, तसा.

माझं म्हणणं असं, की त्या तक्त्यातला शेवटचा रकाना उचलून पहिला करावा. खनिज कशाचं बनलंय आणि त्यातले कण एकमेकांना कसे धरून बसलेत, एवढं कळलं की बाकीचे बरेच रकाने आपोआप भरत जातात. ते पाठ करण्याचं कारण उरत नाही.

एक प्रयोग आम्ही दर वर्षी करतो. टेबलावर चार पांढरे दगड ठेवायचे. नंबर नाही, चिठ्ठी नाही. चारही पेटीबाहेरचे. एक क्वार्ट्झ, एक कॅल्साइट, एक जिप्सम आणि एक बराइट. रंग विचाराल तर चौघंही पांढरे, थोडे दुधाळ, थोडे काचेसारखे. रंगावर जाणारा इथेच फसतो.

पहिली गोष्ट करायची ती म्हणजे दगड तळहातावर तोलायचा. बाजारात भाजीवालीनं दिलेला नारळ आपण तोलतो, तसा. चौघांतला एक आकाराच्या मानानं चांगलाच जड लागतो. तो बराइट. जड का? कारण त्याच्यात बेरियम आहे. कॅल्शियमच्या अणूचं वजन चाळीसच्या आसपास, सिलिकॉनचं अठ्ठावीस, बेरियमचं एकशे सदतीस. बराइटच्या एकूण वजनात जवळजवळ शेकडा ५९ भाग नुसता बेरियम असतो. म्हणून क्वार्ट्झचं विशिष्ट गुरुत्व २.६५ आणि बराइटचं साडेचार. हा आकडा पाठ करायची गरज नाही, तो हाताला कळतो. आंध्र प्रदेशात मंगमपेटला बराइटचा फार मोठा साठा आहे. तेलविहिरी खोदताना जी रबडी आत सोडतात तिच्यात या दगडाची पूड घालतात, ती याच जडपणासाठी.

उरले तीन. आता नख लावायचं. ज्याच्यावर नखानं ओरखडा उठतो तो जिप्सम, म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतली चिरोडी. हा कॅल्शियमचा सल्फेट, पण त्याच्या घडणीत पाणीही बसलेलं असतं, थोडंथोडकं नव्हे, वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित जास्त. या पाण्याचे थर कमकुवत असतात, म्हणून दगड नखाला दाद देतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. हाच जिप्सम भट्टीत तापवून त्यातलं तीनचतुर्थांश पाणी उडवलं की प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होतं. त्यात पुन्हा पाणी घातलं की ते पाणी जागेवर जाऊन बसतं आणि साच्यातली गणेशमूर्ती घट्ट होते. म्हणजे मूर्ती वाळली की रसायनाच्या दृष्टीनं पुन्हा जिप्समच झाली. जिप्सम पाण्यात फारच थोडा विरघळतो. प्लास्टरची मूर्ती विसर्जनानंतर तळ्यात तशीच का पडून राहते, याचं उत्तर त्या शेवटच्या रकान्यात आहे.

उरले दोन. यातल्या एकावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला की फसफस होते. तो कॅल्साइट, कॅल्शियमचा कार्बोनेट. आम्लानं कार्बोनेट मोडतो आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी बाहेर पडतो. हे गृहिणींना सांगायला नकोच. शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं, कडप्प्याच्या ओट्यावर चिंचेचं पाणी राहिलं, की तिथला तकाट जातो आणि डाग पडतो. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडकच. ग्रॅनाइटच्या ओट्याला लिंबू काही करत नाही, कारण तो सिलिकेटांचा. स्वयंपाकघरात रोज चाललेली ही परीक्षा कॉलेजात आल्यावर मात्र 'ॲसिड टेस्ट' होते आणि पाठ करावी लागते!

शेवटी राहिला तो क्वार्ट्झ. त्याला नख लागत नाही, चाकू लागत नाही. उलट तोच काचेवर ओरखडा काढतो. एक सिलिकॉन, दोन ऑक्सिजन, इतकं साधं त्याचं सूत्र. पण प्रत्येक सिलिकॉनला चार ऑक्सिजननी धरलेलं आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनमध्ये वाटून घेतलेला, अशी चहूबाजूंनी पक्की विणलेली जाळी. कुठेच सैल टाका नाही. म्हणून तो कठीण, आणि म्हणूनच तो पापुद्र्यांनी किंवा सपाट पृष्ठांनी फुटत नाही, काचेच्या बाटलीसारखा वाटोळ्या खवल्यांनी फुटतो. कॅल्साइट मात्र कुठूनही फोडा, त्याचे तिरप्या खोक्यासारखेच तुकडे पडतात. तुकड्याचा तुकडा केला तरी कोन तेच.

चार दगड संपले. यात पाठांतर किती लागलं? फार तर चार नावं. बाकी तोलणं, खरवडणं, थेंब टाकणं आणि 'का' विचारणं.

आता चाळीस खनिजांचं काय? त्यासाठी आपल्याकडची एक सवय उपयोगी पडते. नवीन माणूस भेटला की आपण नावावर थांबत नाही. 'आडनाव काय तुमचं?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. आडनाव कळलं की गाव, घराणं, पाव्हणेरावळे सगळा अंदाज येतो. खनिजांचंही तसंच आहे. सूत्रात आधी धातू येतो आणि मागून त्याचा जोडीदार. कॅल्शियम कार्बोनेट, कॅल्शियम सल्फेट, कॅल्शियम फ्लोराइड. आपल्यासारखंच, नाव आधी आणि आडनाव नंतर. आणि खनिजाची वागणूक बरीचशी ठरते ती आडनावावरून. वरच्या तिघांचं नाव एकच, कॅल्शियम. पण कॅल्साइट, जिप्सम आणि फ्लोराइट यांचं वागणं एकमेकांशी फारसं जुळत नाही. उलट कॅल्साइट, डोलोमाइट, मॅग्नेसाइट, सिडेराइट यांची नावं निराळी, पण आडनाव कार्बोनेट. चौघंही तिरप्या खोक्यांनीच फुटतात, चौघंही चाकूनं खरवडता येतात आणि आम्लाला चौघंही उत्तर देतात. कुणी लगेच, कुणी पूड केल्यावर, कुणी आम्ल गरम केल्यावर. डोलोमाइटचा सबंध दगड थंड सौम्य ॲसिडला जेमतेम दाद देतो, त्याची पूड फसफसते. त्यामुळे 'फसफसला नाही म्हणजे कार्बोनेट नाही' असं घाईनं लिहू नये.

ही आडनावांची गोष्ट शास्त्रज्ञांनाही पहिल्या दिवशी सुचली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्झीलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं खनिजांची मांडणी रसायनावरून करावी असा आग्रह धरला. अमेरिकेच्या जेम्स डेना यांचा खनिजशास्त्राचा प्रसिद्ध ग्रंथ १८३७ साली निघाला, तेव्हा त्यांनी खनिजांची वर्गवारी वनस्पती आणि प्राण्यांसारखी बाह्य लक्षणांवरून केली होती. पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्यांनी ती सोडून दिली आणि रासायनिक वर्गवारी स्वीकारली. आज सहा हजारांहून अधिक खनिजांची अधिकृत नोंद आहे, पण पदवीच्या मुलाला लागणारी मोठी घराणी सहाच. सिलिकेट, ऑक्साइड, सल्फाइड, कार्बोनेट, सल्फेट आणि हॅलाइड. सहा घराणी लक्षात ठेवणं कुणाला जड जाणार आहे?

यातलं सिलिकेटांचं घराणं सर्वांत मोठं, आणि त्याचं कारणही उघड आहे. पृथ्वीच्या कवचात वजनानं शेकडा ४६ भाग ऑक्सिजन आणि २८ भाग सिलिकॉन. घरात हेच दोन जिन्नस पोत्यांनी भरलेले असतील तर स्वयंपाक त्यांचाच होणार. या घराण्यात सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन अशी चौकडी असते. चौकड्या सुट्या राहिल्या की ऑलिव्हिन. साखळीत गुंफल्या की आपल्या काळ्या दगडातला ऑजाइट. पत्र्यासारख्या पसरल्या की अभ्रक, म्हणून तर अभ्रकाचे पापुद्रे नखानं सुटतात. चहूबाजूंनी जाळी विणली की क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार.

इथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नुसत्या सूत्रानंही भागत नाही. हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही शुद्ध कार्बन, पण हिरा कठिनतेच्या पट्टीवर सर्वांत वर आणि ग्रॅफाइट इतका मऊ की त्यानं आपण कागदावर लिहितो. हिऱ्यात प्रत्येक कार्बन चार बाजूंनी बांधलेला, ग्रॅफाइटमध्ये थरावर थर नुसते टेकलेले. म्हणजे घराणं सारखं असलं तरी घडण पाहावी लागते. हेही आपल्याला नवीन नाही!

आता थोडं घरच्या शब्दांविषयी. आपल्या भागातली मुलं शाळेत एका भाषेत शिकतात, गल्लीत दुसरी बोलतात आणि कॉलेजात तिसरीत परीक्षा देतात. खनिजांची नावं इंग्रजी पुस्तकातून येतात आणि मुलांना वाटतं, हा सगळा परका प्रांत आहे. तसं मुळीच नाही. क्वार्ट्झला आपण गार म्हणतो, गारगोटी म्हणतो. टाल्क म्हणजे शंखजिरं. लाल हेमॅटाइट मातीत मिसळला की काव आणि गेरू. कोरंडम हे इंग्रजी वाटणारं नाव तर आपल्या कुरुविंद-कुरुंदाचंच भावंड आहे. सुऱ्यांना धार लावणाऱ्याला कुरुंदाचा दगड काय चीज आहे हे कळण्यासाठी १८१२ सालच्या फ्रेडरिक मोज यांच्या कठिनतेच्या पट्टीची वाट पाहावी लागली नव्हती. त्या पट्टीवर शंखजिरं एक आणि हिरा दहा, त्यात कोरंडम नववा.

जुन्या रसशास्त्रातली अभ्रकाची परीक्षा पाहा. अभ्रक आगीत टाकायचा. पापुद्रे सुटून पसरला तर तो पिनाक, बेडकासारखा आवाज करून उडाला तर मंडूक, सापासारखा फुसफुसला तर नाग, आणि काहीच विकार न होता तसाच राहिला तर वज्र. औषधाला घ्यायचा तो वज्राभ्रक. रंगावरून नव्हे, वागण्यावरून ओळख. ही आपल्या वैद्यांची प्रॅक्टिकलची परीक्षाच होती.

आणि 'कस' हा शब्द तर सराफकट्ट्यावरून थेट प्रयोगशाळेत आलेला आहे. सोनार काळ्या कसोटीवर सोनं घासतो आणि उमटलेली रेघ पाहतो. आम्ही झिलई नसलेल्या चिनीमातीच्या तुकड्यावर खनिज घासतो आणि रेघ पाहतो. दगडाचा वरचा रंग ऊनपावसानं बदलतो, कस सहसा बदलत नाही. हेमॅटाइट पोलादासारखा करडा असो, काळा असो की तांबडा, त्याची रेघ तांबूस तपकिरीच उमटते. मॅग्नेटाइटची काळी. गोएथाइटची पिवळट तपकिरी. पायराइट सोन्यासारखा झगमगतो, पण कस लावला की रेघ हिरवट काळी. सोन्याची रेघ सोनेरीच. दर वर्षी एखादा मुलगा विहिरीच्या खोदकामातला चकाकणारा दगड रुमालात बांधून आणतो आणि दबक्या आवाजात विचारतो, 'मॅडम, हे सोनं तर नव्हं?' त्याला मी काही सांगत नाही. चिनीमातीचा तुकडा त्याच्या हातात देते. दोन मिनिटांनी तो स्वतःच हसत परत येतो.

शेवटच्या रकान्यात हिशेबही असतो, हे मुलांना फार उशिरा कळतं. गोव्याच्या खनिजावर आपल्या भागातल्या कित्येक ट्रकवाल्यांची घरं चालली. त्या मातीत लोखंड किती, यावर तिचा भाव ठरायचा. हे गणित सूत्रातच आहे. हेमॅटाइटमध्ये दोन अणू लोखंडाचे आणि तीन ऑक्सिजनचे. अणुभार मांडून भागाकार केला की शुद्ध हेमॅटाइटमध्ये शेकडा सुमारे ७० भाग लोखंड निघतं. मॅग्नेटाइटमध्ये ७२. गोएथाइटच्या घडणीत हायड्रोजन आणि जादा ऑक्सिजन शिरल्यामुळे ६३. खाणीतल्या दगडात माती आणि गार मिसळलेली, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याच्याही खाली. ढिगात पिवळा कस देणारा दगड वाढला की भाव का उतरतो, ते या तीन आकड्यांत दिसतं.

तोंडी परीक्षेत मुलांना हमखास अडवणारा एक प्रश्न आहे. 'बॉक्साइटचं सूत्र सांगा.' बेळगावात ॲल्युमिनाचा कारखाना आहे, चंदगडच्या पठारांवर बॉक्साइटच्या खाणी आहेत, त्यामुळे नाव सर्वांना माहीत. मुलं धडाधड सूत्र सांगू लागतात. खरं उत्तर असं, की बॉक्साइट हे एक खनिज नव्हेच. गिब्साइट, बोमाइट अशी ॲल्युमिनियमची खनिजं, त्यात लोखंडाची गोएथाइट-हेमॅटाइट आणि थोडी चिकणमाती, असा तो मिश्र खडक आहे. आपल्या जांभ्या दगडाचा जवळचा नातेवाईक. जांभ्यात लोखंड वरचढ, बॉक्साइटमध्ये ॲल्युमिनियम. कारखान्यात कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिना विरघळवून घेतात आणि मागे जो लाल चिखल उरतो तो मुख्यतः या लोखंडाचा रंग. ज्याला हे कळलं त्याला सूत्र विचारल्यावर 'कुठल्या खनिजाचं, मॅडम?' असा उलट प्रश्न सुचतो. असा प्रश्न विचारणाऱ्याला मी पूर्ण मार्क देते.

पण हे सारं केवळ मार्कांसाठी किंवा खाणीतल्या नोकरीसाठी आहे असं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात घटप्रभेकडच्या एका खेड्यातली मुलगी होती. बोलायची कमी. चार दगडांच्या प्रयोगात तिनं गार सर्वांत आधी ओळखली. 'ही गारच की मॅडम, आमच्या बाबांच्या क्रशरवर असलाच दगड येतोय.' मी सहज म्हणाले, छान. पुढच्या तासाला क्वार्ट्झचं संघटन शिकवताना मी ओघात सांगितलं की याची बारीक धूळ फुप्फुसात गेली की विरघळत नाही, बाहेरही पडत नाही, तिथेच रुतून बसते. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. म्हणाली, 'मॅडम, सगळ्या दगडांची धूळ तसलीच असते काय?'

हा प्रश्न कुठल्या जर्नलमध्ये नाही, पण खनिज ओळखण्याचं खरं प्रयोजन त्यात आहे. उत्तर असं, की धूळ कुठलीच चांगली नाही, पण सगळी सारखीही नाही. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. तो मुख्यतः फेल्डस्पार आणि ऑजाइटचा, त्यात मोकळा क्वार्ट्झ बहुधा नगण्य. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो तो वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइटचा खडक मात्र बहुतांशी क्वार्ट्झचाच. ग्रॅनाइटमध्येही तो भरपूर. क्वार्ट्झची अतिसूक्ष्म धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर सिलिकोसिस होतो. झालेला रोग बरा करणारं औषध नाही, तो फक्त टाळता येतो. शिवाय १९९७ साली कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं ही धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातली. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांत या रोगानं घातलेला हाहाकार वैद्यकीय संशोधकांनी नोंदवून ठेवला आहे. ज्या पेन्सिलीनं आपण 'श्री' गिरवला, त्या पेन्सिलीची ही दुसरी बाजू.

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. दगडावर पाणी मारत काम केलं तर धूळ बसते, तोंडाला नुसता रुमाल बांधून ती अडत नाही, त्यासाठी नीट बसणारा मास्क लागतो, आणि छातीचा एक्स-रे वेळोवेळी काढून घ्यावा, हेही सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं, परीक्षेचं टिपण घ्यावं तसं. पुढे तिच्या वडिलांनी काय केलं हे मला माहीत नाही. पण घरी जाऊन तिनं बापाला हातातला दगड दाखवून काही सांगितलं असेल, तर तिचं शिक्षण त्या दिवशी कारणी लागलं, असं मी समजते.

हल्ली मुलं विचारतात, 'मोबाइलवर फोटो काढला की नाव येतं, मग हे कशाला?' मी त्यांना पुन्हा ते चार पांढरे दगड देते. काढा फोटो. फोटोत रंग येतो, आकार येतो. वजन येत नाही, कस येत नाही, नखाखालचा मऊपणा येत नाही, थेंबाची फसफस येत नाही. म्हणजे ज्यावर सर्वांत कमी भरवसा ठेवायचा तेवढंच फोटोत येतं. फोन एक अंदाज देईल आणि तो बरोबरही निघेल. पण तो पडताळायचा कसा, हे हातालाच ठाऊक असावं लागतं.

विद्यार्थ्यांनी आणि हौशी वाचकांनी घरी काय करावं? आपली स्वतःची पेटी करावी. जुना मिठाईचा डबा चालेल. त्यात एक तांब्याचा तुकडा, एक खिळा, एक काचेचा तुकडा, एक चुंबक, आणि सिरॅमिक टाइलचा तुकडा, मागची खरखरीत बाजू कसासाठी. कठिनतेच्या पट्टीवर आपलं नख अडीच, तांबं तीनच्या आसपास, काच साडेपाच, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. मग दगड गोळा करावेत. नदीतली गार, शहाबादीचा टवका, मोरीतली तुरटी, डब्यातलं सैंधव, कुंभाराकडची काव. नवी विहीर किंवा पाया खोदताना काळ्या दगडाच्या पोकळीत कधी कधी पांढरी, हिरवट, मोत्यासारख्या चमकेची स्फटिकं सापडतात. ती बहुधा झिओलाइट घराण्यातली किंवा त्यांची सोबतीण. झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड. १७५६ साली क्रोनस्टेड या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञानं असा दगड तापवला, तेव्हा त्यातलं पाणी उकळून बाहेर आलं म्हणून हे नाव पडलं. पुण्याजवळ वाघोलीला निळ्याजर्द रंगाचं कॅव्हनसाइट सापडतं. त्याचं नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तिघांची आद्याक्षरं जोडून केलेलं आहे. नावातच संघटन, पाठांतराची कटकटच नाही!

डबा भरला की डोळे बांधून हात घालावा आणि नुसत्या स्पर्शावरून, तोलून आडनाव सांगावं. दहातली सहा बरोबर आली की परीक्षेची भीती गेली म्हणून समजा. आणि पालकांना एक विनंती. मुलाच्या चड्डीच्या खिशातून धुण्यात दगड निघाले तर चिडून फेकून देऊ नका. 'हा कुठे सापडला रे?' एवढं विचारा.

या परिसरात कुणाला न ओळखणारा दगड मिळाला तर आमच्या विभागात जरूर घेऊन या. अट एकच. 'हे काय आहे?' असं दारातून विचारायचं नाही. आधी तोलून, खरवडून, कस लावून या, आणि तुम्हाला काय वाटतं ते सांगा. मग बसून बोलू.